माल्टेड मिल्क, सोडा फाउंटन आणि स्मरणरंजन

गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही साहित्य शिकवणाऱ्या चार-पाच जणांनी आमच्या विद्यार्थ्यांसोबत काही अमेरिकी चित्रपट ओळीने पाहिले. जॉर्ज लुकासचा 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३), रँडल क्लायझरचा 'ग्रीज' (१९७८) आणि रॉबर्ट झेमेकिसचा 'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) हे त्यांतले प्रमुख. तिन्हींतली मुख्य पात्रे शाळा संपवण्याच्या वयातली आहेत. तिन्ही चित्रपट आपल्या निर्मितीच्या काळातून मागे वळून १९५५ ते १९६२ या सात-आठ वर्षांकडे पाहतात. आणि तिन्हींत एक असे ठिकाण आहे, जिथे ही मुले संध्याकाळी जमतात, भांडतात, प्रेमात पडतात. पहिल्यात ते 'मेल्स ड्राइव्ह-इन' आहे, दुसऱ्यात 'फ्रॉस्टी पॅलेस', तर तिसऱ्यात लू नावाच्या गृहस्थांचा कॅफे. या ठिकाणांशी प्रेक्षकाच्या मनात उंच पेल्यातले दाट, थंड, गोड दूध कायमचे जोडले गेले आहे.

चर्चेचा विषय अर्थातच 'स्मरणरंजन' हा होता. आम्ही टिपणे काढून आलो होतो. परंतु पहिलाच प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला तो असा, की त्या पेल्यात नेमके काय असते? आमच्यापैकी कोणालाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. 'मिल्कशेकच की', असे एकाने सांगितले. 'आपली पुण्याची मस्तानी असते तसे काहीतरी', असे दुसऱ्याने. ज्या वस्तूभोवती एवढी आठवण गुंफली गेली आहे ती वस्तूच आपल्याला ठाऊक नसावी, हे साहित्याच्या अभ्यासकांना शोभणारे नव्हते. म्हणून ते पेय घरी करून पाहावे असे ठरले. प्रस्तुत लेख त्या खटाटोपातून निर्माण झाला आहे. पाककृतीच्या निमित्ताने आम्ही या पेयाच्या इतिहासात शिरलो आणि जिथे पोहोचू असे वाटले नव्हते तिथे पोहोचलो.

१

या पेयाचे खरे नाव 'माल्टेड मिल्क', बोलीत नुसते 'माल्ट'. साध्या मिल्कशेकपासून त्याला वेगळे करणारा घटक एकच, तो म्हणजे माल्टची पूड. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव. धान्याला मोड फुटतात तेव्हा त्यात विकरे तयार होतात आणि ती पिठूळ भागाचे हळूहळू साखरेत रूपांतर करू लागतात. त्यामुळे धान्य गोडसर होते आणि पचायला हलके होते. हे वाचून दाखवले जात असतानाच आमच्यातल्या एका बाई म्हणाल्या, की हे तर नाचणीचे सत्त्व झाले. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. तान्ह्या मुलांसाठी आपल्याकडे नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवून दळतात; त्यामागचे रसायन आणि अमेरिकी तरुणांच्या त्या पेल्यामागचे रसायन एकच आहे.

गंमत अशी की माल्टेड मिल्कचा जन्मही तान्ह्या मुलांसाठीच झाला. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर भागातले दोन भाऊ. जेम्स औषधनिर्माता होता. १८७३ साली त्यांनी शिकागोत बालकांचे खाद्य बनवण्याचा व्यवसाय सुरू केला, पुढे तो विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी नेला आणि १८८३ मध्ये माल्टेड मिल्कचे पेटंट मिळवले. जवाचा माल्ट, गव्हाचे पीठ आणि दूध यांची आटवून केलेली ही कोरडी पूड बालकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी होती. ती नासत नसे आणि वजनाला हलकी होती, म्हणून ध्रुवीय मोहिमांवर जाणारे लोकही ती बरोबर नेऊ लागले. अंटार्क्टिकातल्या एका पर्वतरांगेला हॉर्लिक यांचे नाव आहे, त्यामागे हाच संबंध आहे. मराठी घरांत हॉर्लिक्सची बाटली आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांत निघे, हे आमच्या पिढीला आठवत असेल. आमच्या लेखी ते पथ्याचे पेय होते. त्यामुळे हेच पेय दुसऱ्या देशात प्रणयाचे आणि चैनीचे चिन्ह बनले होते, याचे आम्हांला प्रथम हसू आले.

बाजारातली तयार पूड वापरली असती तर काम दहा मिनिटांचे होते. परंतु वस्तू समजून घ्यायची तर ती मुळापासून करावी, असा आग्रह धरला गेला. पहिला प्रयत्न फसला. वाण्याकडून आणलेले जव पॉलिश केलेले होते. त्यांचे टरफल निघताना अंकुरही गेलेला असतो, हे आमच्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी फडक्यातून आंबूस वास येऊ लागला. बियाण्याच्या दुकानातले जव घ्यावेत तर त्यांना औषध लावलेले असते. शेवटी घटस्थापनेसाठी पूजासाहित्याच्या दुकानात टरफलासह जव मिळतात, ते आणले. बारा तास भिजवले, ओल्या फडक्यात तीन दिवस ठेवले, दिवसातून दोनदा धुतले. मोड दाण्याइतका लांब झाल्यावर उन्हात कडकडीत वाळवले, चोळून मुळे काढली, कढईत अगदी मंद आचेवर किंचित शेकले, दळले आणि बारीक चाळणीने कोंडा काढला.

हे पीठ थंड दुधात तसेच घातले तर कच्चे लागते, म्हणून अर्धा कप दुधात दोन मोठे चमचे पीठ कालवून मंद आचेवर त्याची पेज केली. ही पेज प्रथम घट्ट होते आणि ढवळत राहिले की काही वेळाने आपोआप सैल पडते. पिठूळ भाग साखरेत उतरत असल्याची ती खूण होय. जव फार भाजले गेले असतील तर विकरे नष्ट होतात आणि पेज घट्टच राहते. मग एक उकळी देऊन ती फ्रिजमध्ये गार केली.

२

हे पथ्याचे पेय चैनीचे कसे झाले, याचे उत्तर ते जिथे विकले जाई त्या जागेत आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वायू मिसळलेले सोड्याचे पाणी प्रकृतीला हितकर मानले जात असे आणि ते औषधाच्या दुकानात मिळे. कडू औषध गोड पाकात मिसळून देण्याची औषधविक्रेत्यांना सवय होतीच. त्यातून औषधांच्या दुकानातच 'सोडा फाउंटन' नावाचा विभाग उभा राहिला. त्यात संगमरवरी काउंटर, त्याच्यापुढे गोल फिरणारी स्टुले, मागे आरसा आणि पांढऱ्या टोपीतला पेये मिसळून देणारा तरुण अशी मांडणी असे. हॉर्लिकबंधूंची पूडही याच दुकानांच्या फळ्यांवर होती. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. गुत्ते बंद झाल्यावर लोकांना बसून बोलायला ही जागा उरली. विजेवर चालणारे घुसळणयंत्र तोवर आलेले होते. 'वॉलग्रीन्स' या औषधदुकानांच्या साखळीत सांगितल्या जाणाऱ्या हकीकतीप्रमाणे १९२२ साली शिकागोत आयव्हर कूल्सन या कर्मचाऱ्याने दूध, चॉकलेटचा पाक आणि माल्टची पूड यांच्या मिश्रणात व्हॅनिला आइस्क्रीमचे गोळे घातले, आणि आज चित्रपटांत दिसणारे दाट पेय तयार झाले.

पुढची पायरी आहे ती 'टीनएजर' या वर्गाच्या उदयाची. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बहुसंख्य अमेरिकी मुले माध्यमिक शाळेत जाऊ लागली, त्यांच्या हाती थोडे पैसे आले, पुढे मोटारही आली. 'सेव्हन्टीन' हे या वयाच्या मुलींना उद्देशून काढलेले मासिक १९४४ चे आहे. घरही नाही आणि शाळाही नाही अशा एका जागेची या वयाला गरज असते. सोडा फाउंटनने आणि नंतर ड्राइव्ह-इनने ती भागवली. काही सेंट देऊन मुलगा पेय विकत घेई, आणि त्याच पैशांत त्याला तासभर तिथे बसता येई.

'बसता येई' हे शब्द आम्ही सहज लिहिले. पुढे ते सहज राहत नाहीत.

३

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मूळचा वैद्यकातला. योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरापासून दूर असलेल्या माणसांना होणाऱ्या व्याधीसाठी तो घडवला. ग्रीक भाषेतील 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन शब्द त्यात जोडलेले आहेत. मराठीत आपण त्यासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द रुळवला. त्यात वेदना गळाली आणि रंजन आले. या चित्रपटांच्या बाबतीत मराठी शब्द अधिक नेमका ठरतो, असे आम्हांला वाटते.

'अमेरिकन ग्राफिटी' ही १९६२ च्या उन्हाळ्याच्या अखेरच्या एका रात्रीची कथा आहे. ती घडते कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो या गावी. लुकासचा जन्म तिथलाच, १९४४ चा. म्हणजे १९६२ मध्ये तो स्वतः अठरा वर्षांचा होता आणि चित्रपटातील आठवण त्याची स्वतःची आहे. 'ग्रीज'मधले शालेय वर्ष १९५८-५९ चे. 'बॅक टू द फ्यूचर'मध्ये तर १९८५ सालचा मुलगा १९५५ मध्ये जाऊन आपल्या आईवडिलांचे तारुण्य पाहतो. आठवण ज्याची आहे आणि जो ती उपभोगतो आहे, ते इथे दोन वेगळे लोक आहेत. आमचे विद्यार्थी या साखळीत आणखी पुढचे. ज्या देशात ते गेले नाहीत, त्या देशातल्या त्यांच्या जन्माआधीच्या संध्याकाळींविषयी त्यांना हुरहुर वाटते, आणि ती हुरहुर खोटी असते असे आम्ही म्हणणार नाही.

फ्रेड्रिक जेमसन या समीक्षकाने उत्तर-आधुनिकतेविषयीच्या आपल्या प्रसिद्ध विवेचनात 'नॉस्टॅल्जिया फिल्म' अशी संज्ञा वापरली आणि या प्रकाराचा आरंभ 'अमेरिकन ग्राफिटी'पासून मानला. हे चित्रपट भूतकाळ उभा करतात तो त्या काळाच्या शैलीतून, म्हणजे गाड्या, केशभूषा, गाणी, निऑनचे दिवे यांतून. ऐतिहासिक काळ मात्र त्यांच्या हातून निसटतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. वर्गात हे विधान आम्ही अनेकदा शिकवले आहे. तो निसटलेला काळ नेमका कोणता, याचा शोध मात्र आम्ही पेला हातात घेईपर्यंत केला नव्हता.

४

२३ जून १९५७ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे 'रॉयल आइस्क्रीम' नावाच्या दुकानात सात कृष्णवर्णीय माणसे गोऱ्यांसाठी राखलेल्या भागात जाऊन बसली. डग्लस मूर हे धर्मोपदेशक त्यांचे नेतृत्व करत होते. दुकान एकच होते, परंतु मधे आडभिंत होती आणि दारे दोन होती. सातही जणांना अटक झाली आणि अनधिकार प्रवेशाबद्दल दंड झाला.

पुढच्या वर्षी, १९ जुलै १९५८ रोजी, कॅन्ससमधल्या विचिटा येथे 'डॉकम' या औषधाच्या दुकानातल्या सोडा फाउंटनवर काही कृष्णवर्णीय तरुण मुलेमुली जाऊन बसली. त्यांना पेय दिले गेले नाही. ती उठली नाहीत. सुमारे तीन आठवडे हा क्रम चालू राहिला आणि ऑगस्टमध्ये दुकानदाराने माघार घेतली. त्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, ओक्लाहोमा सिटीत क्लेरा लूपर नावाच्या शिक्षिका तेरा मुलांना घेऊन 'कॅट्झ' या औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर गेल्या आणि त्यांनी कोका-कोला मागवला. लूपरबाई शाळेत इतिहास शिकवत. मार्टिन लूथर किंग यांच्या कार्यावर त्यांनी 'ब्रदर प्रेसिडेंट' नावाचे नाटक लिहिले होते आणि आपल्या विद्यार्थ्यांकडून बसवले होते. त्या नाटकाच्या प्रयोगासाठी ही मुले न्यूयॉर्कला जाऊन आली. तिथे त्यांना पहिल्यांदाच कोणाच्याही शेजारी बसून खाता-पिता आले. परत आल्यावर आपल्या गावात ते का चालत नाही, हा प्रश्न त्यांना पडला. शाळेतल्या नाटकातून एवढे निघू शकते, हे आम्ही शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'ग्रीज'ची कथा सुरू होते ती याच १९५८ च्या उन्हाळ्यात, समुद्रकिनाऱ्यावर.

सर्वांना ठाऊक असलेली घटना त्यानंतरची. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरो येथे 'वूलवर्थ'च्या दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातले चार विद्यार्थी बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. दुकानाच्या दुसऱ्या भागात त्यांनी किरकोळ खरेदी केली होती, ती त्यांना मुकाट्याने विकली गेली होती. दक्षिणेतल्या कितीतरी दुकानांचा रिवाज असाच होता. माल विकत घ्या, उभ्याने घ्या, बाहेर न्या. पण बसायचे नाही. त्यांनी मागितली ती वस्तू दुकानात होती आणि पैसेही त्यांच्या खिशात होते. नाकारले गेले ते स्टूल.

आता 'अमेरिकन ग्राफिटी'तल्या मेल्सकडे वळू. हे ठिकाण काल्पनिक नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९४७ साली मेल वाइस आणि हॅरल्ड डॉब्स यांनी 'मेल्स ड्राइव्ह-इन' सुरू केले. त्याच्याच एका शाखेत १९७२ साली चित्रीकरण झाले. मात्र १९६३ च्या शरद ऋतूत याच मेल्ससमोर निदर्शने झाली होती. कृष्णवर्णीयांना तिथे खायला मिळे, परंतु ग्राहकांसमोर दिसणाऱ्या कामांवर त्यांना घेतले जात नसे. वाढपी म्हणून, गाडीपर्यंत पेला नेऊन देणारी मुलगी म्हणून त्यांना नोकरी द्यावी, ही निदर्शकांची मागणी होती. हॅरल्ड डॉब्स त्या वेळी महापौरपदाची निवडणूक लढवत होते. विद्यार्थी आणि तरुण आत जाऊन खुर्च्या अडवून बसले, अनेकांना अटक झाली, आणि अखेर मालकांना करार करावा लागला. चित्रपटातल्या त्या रात्रीनंतर जेमतेम सव्वा वर्षाने घडलेली ही गोष्ट आहे. निऑनच्या प्रकाशात रोलर स्केट्सवरून तबके घेऊन सरकणाऱ्या मुली हे त्या चित्रपटातले सर्वांत मोहक दृश्य. ते काम कोणाला मिळावे यासाठीच ही निदर्शने होती.

आणखी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. २८ मे १९६३ रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सन येथे वूलवर्थच्या काउंटरवर टूगलू कॉलेजचे विद्यार्थी बसले. त्यांत ॲन मूडी होती. दुपारच्या सुटीत जवळच्या गोऱ्या शाळेतली मुले दुकानात लोटली. त्यांनी बसलेल्यांच्या डोक्यांवर केचप, मोहरीची चटणी आणि साखर ओतली. हा सगळा वृत्तान्त मूडीच्या आत्मचरित्रात आहे. त्या प्रसंगाचे छायाचित्रही उपलब्ध आहे आणि त्यात मागे उभी असलेली मुले हसताना दिसतात. त्यांचे कपडे आणि त्यांच्या केशभूषा आमच्या विद्यार्थ्यांनी लगेच ओळखल्या. गेले तीन दिवस ते त्याच पाहत होते.

पुढच्या वर्षी, २ जुलै १९६४ रोजी, नागरी हक्कांचा कायदा झाला. ज्या ठिकाणी वंशभेद करता येणार नाही अशा जागांची यादी त्यात आहे. उपाहारगृहे, जेवणाचे काउंटर यांच्या जोडीला त्या यादीत सोडा फाउंटनचा स्वतंत्र नामनिर्देश केलेला आहे.

५

हे सारे मांडल्यावर आमच्यात मतभेद झाले आणि ते लपवण्याचे कारण नाही. आमच्यातल्या एकांचे म्हणणे असे, की एका रात्रीच्या, एका लहान गावातल्या मुलांच्या कथेकडून आपण देशाचा इतिहास मागत आहोत. लुकासने आपल्याला आठवते ते दाखवले. सतराव्या वर्षाचा आनंद हा कोणाचा गुन्हा नव्हे. हे म्हणणे आम्हांला पूर्णपणे डावलता येत नाही. कलाकृतीने काय सांगावे याची यादी समीक्षकाने करू नये, हे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत.

परंतु 'अमेरिकन ग्राफिटी'चा शेवट पाहा. चौघा मुलांचे पुढे काय झाले हे पडद्यावर अक्षरांत सांगितले जाते. एक अपघातात मरतो, एक व्हिएतनाममध्ये बेपत्ता होतो. म्हणजे पुढे इतिहास वाट पाहत उभा आहे, हे चित्रपटाला ठाऊक आहे. आपल्या मुलांच्या वाट्याला येणारा इतिहास त्याने आठवणीत घेतला. त्या काउंटरशी दुसऱ्या मुलांचे जे नाते होते ते घेतले नाही. आठवणीचा स्वभावच असा आहे आणि म्हणून वाचकाने, प्रेक्षकाने सावध असावे एवढेच आमचे म्हणणे आहे.

'बॅक टू द फ्यूचर' याबाबत थोडा वेगळा आहे. १९५५ च्या त्या कॅफेत, जिथे जॉर्ज धीर गोळा करण्यासाठी चॉकलेट घातलेले दूध मागतो, तिथेच गोल्डी विल्सन नावाचा कृष्णवर्णीय तरुण फरशी झाडतो आहे. पुढे तो गावाचा महापौर होणार असतो. भविष्यातून आलेल्या मुलाच्या तोंडून ते ऐकताच त्याचे डोळे चमकतात आणि मालक त्याची टर उडवतो. प्रसंग विनोदी आणि क्षणभराचा आहे, परंतु काउंटरच्या मागे झाडू कोणाच्या हातात होता हे तो दाखवतो. गॅरी रॉसच्या 'प्लेझंटव्हिल' (१९९८) मध्ये तर १९५८ सालच्या कृष्णधवल दूरदर्शन-मालिकेतले सोडा शॉपच संघर्षाचे केंद्र होते. माणसांना रंग येऊ लागल्यावर 'रंगीत' लोकांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागतात आणि जमाव त्या दुकानाची मोडतोड करतो. तिथेही सगळी पात्रे गोरीच आहेत. इतिहास रूपक होऊन परत येतो, माणसे परत येत नाहीत.

स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने नॉस्टॅल्जियावरील २००१ सालच्या आपल्या ग्रंथात दोन प्रवृत्ती सांगितल्या आहेत. एक हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहते. दुसरी त्या हुरहुरीपाशीच रेंगाळते आणि तिच्याविषयी प्रश्न विचारत राहते. आमच्या स्वयंपाकघरात नकळत पहिलीकडून दुसरीकडे प्रवास झाला असावा.

ॲन मूडीचे आत्मचरित्र १९६८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'मिसिसिपीत वयात येणे' असा आहे, आणि 'वयात येण्याची कथा' ही तर या चित्रपटांचीही जात. त्यातला एक भाग तिच्या माध्यमिक शाळेच्या वर्षांचा आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा ती साधारण त्याच वयाची होती. त्या बातमीने आपल्याला कसली भीती कळली, हे ती लिहिते. झेमेकिसचा नायक ज्या १९५५ मध्ये जातो, ते हेच वर्ष. दोन्ही कथा शेजारी ठेवून शिकवल्या तर 'काळ' या संकल्पनेविषयी विद्यार्थ्यांना जे समजेल, ते जेमसनच्या विधानावरील आमच्या टिपणांतून समजलेले नाही.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले ते 'ग्रीज'च्याच वर्षी, १९७८ मध्ये. आमच्या चर्चेत एक विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. शेवटी तो म्हणाला, की त्याच्या आजोबांच्या गावी चहाच्या टपरीवर त्यांचा कप वेगळा ठेवलेला असे, बाहेरच्या कोनाड्यात. आजोबांना तो कप अजून आठवतो, आणि टपरीवरच्या चहाची चवही आठवते. चहा चांगला असे, असे ते सांगतात. दोन्ही आठवणी ते एकाच सुरात सांगतात आणि ऐकणाऱ्याला काय करावे ते समजत नाही, असे तो म्हणाला. यावर कोणी काही बोलले नाही.

६

पेय अखेरीस झाले. गार केलेली पेज, आणखी पाव कप थंड सायीचे दूध, कोको आणि साखर पाण्यात उकळून केलेला दोन चमचे पाक आणि व्हॅनिला आइस्क्रीमचे चार गोळे. दोन पेल्यांना एवढे पुरते. आइस्क्रीम घेताना वेष्टन वाचावे, कारण 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेल्या पदार्थात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते आणि चव पडते. पेले आधी फ्रिजरमध्ये ठेवावेत. मिक्सर थोडाथोडाच फिरवावा, नाहीतर पात्याच्या उष्णतेने आइस्क्रीम वितळते आणि साधे दूध उरते. चव मिल्कशेकहून निराळी लागते, किंचित भाजक्या धान्याची, खमंग, गोडीला थोडे वजन देणारी. ज्या विद्यार्थिनीने पहिला प्रश्न विचारला होता तिला ती फार आवडली. आजोबांची आठवण सांगणाऱ्या मुलाने दुसऱ्यांदा मागून घेतले.

हे पेय आम्ही पुन्हा करणार आहोत. त्याचा इतिहास समजल्याने ते कडू झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. ओक्लाहोमा सिटीतल्या त्या तेरा मुलांनाही शेवटी एक थंड पेयच हवे होते, इतर मुलांच्या शेजारी बसून. पुढच्या सत्रात 'अमेरिकन ग्राफिटी' दाखवण्याच्या आदल्या आठवड्यात मूडीच्या आत्मचरित्रातले शाळेच्या वर्षांचे प्रकरण वाचायला द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. चित्रपट आधी की प्रकरण आधी, यावर आमच्यात अजून एकमत नाही. जव मात्र भिजत घातले आहेत.